दिवेलागणीची फुलं

रंभाबाई : ते नको तोडू, बाय. ती मादी हाय, मी चाचपून बघितली. फुलाखाली बघ, इवलीशी दुधी धरलीय तिनं.

प्रतीक्षा : दिसली.

रंभाबाई : नर लांब दांडीचा. त्याच्या पाकळ्या काढ नि पिवळी पूड हिच्या मधोमध लाव. हलक्या हातानं. मला मोतीबिंदूनं दोन्ही सारखीच पांढरी दिसतात.

प्रतीक्षा : हे काम पाकोळ्या करतात ना, आई?

रंभाबाई : करायच्या. दुधी उमलते दिवेलागणीला, मधमाश्या तवा पोळ्यात परतलेल्या. रातच्या पतंगांचं, पाकोळ्यांचंच काम ते. शेजारच्या वाडीत फवारणी सुरू झाली नि त्या फिरकायच्या बंद झाल्या. पूड नाय लागली तर कोवळी दुधी पिवळी पडून गळते. मग माझा विक्रम हे काम करायचा, बोईसरहून पहिली पाळी संपवून आला की.

प्रतीक्षा : तसेच पिवळे हात ते टॉवेलला पुसायचे. मी ओरडायचे.

रंभाबाई : बोल की अजून.

प्रतीक्षा : एवढंच.

रंभाबाई : कंपनीत तो स्फोट झाला, तवापासून तू एवढंबी बोलली नव्हतीस.

प्रतीक्षा : हे झालं. पुढचं कुठंय?

रंभाबाई : मांडवाच्या टोकाला. थांब, फाटकाशी कोण आलंय बघ.

प्रतीक्षा : धीरज? तू सांगलीहून इथं एडवणला?

धीरज : पालघरला उतरलो, तिथनं एसटीनं आलो. ताई, तुला न्यायला आलोय.

प्रतीक्षा : कुणी बोलावलं?

धीरज : या मावशींनीच फोन केलता. तुला सांगितलं न्हाई व्हय?

प्रतीक्षा : आई, मला घालवताय?

रंभाबाई : घालवत नाय गं. बघवत नाय. ताट वाढलं की जेवतेस, झोप म्हटलं की झोपतेस. परवा उकळतं पाणी पायावर सांडलं, नि फोड मी दाखवला तवा तुला कळलं.

प्रतीक्षा : खरंच दुखलं नाही.

रंभाबाई : तेच म्हणते मी. माझा मुलगा गेला, म्हणून तू माझ्यापुढं गप राहतेस. आपल्या आईपुढं तरी मोकळी होशील.

धीरज : आई रोज वाट बघती, ताई. तुझी खोली झाडून ठेवलीय तिनं.

प्रतीक्षा : आणि इथं यांच्यापाशी कोण?

रंभाबाई : माझी बहीण सुलू येतेय दातिवऱ्याहून. ती राहील माझ्यासंगती. वाडीबी बघेल.

प्रतीक्षा : तिकडं जाऊनही रडू नाही आलं तर?

रंभाबाई : मला तरी कुठं आलंय, बाय.

(प्रतीक्षा एक नरफूल खुडते, पाकळ्या काढते.)

प्रतीक्षा : लोकांपुढं रडत होतात तुम्ही. मी पाहिलं.

रंभाबाई : ते लोकांसाठी. बाया गळ्यात पडायच्या, मग मीबी आवाज काढायची. आत काय नव्हतं.

प्रतीक्षा : मग तुम्हीही चला. वाडी सुलूमावशी बघतील.

रंभाबाई : सांगलीला? मुलाच्या सासरी?

धीरज : चला की मावशी. आईनं तुमचंबी विचारलंय.

रंभाबाई : नि तिथं जाऊन काय करू मी?

प्रतीक्षा : काही नाही. बसू नुसतं.