टायपिस्टबाईंची वही

कोर्टाबाहेर झेरॉक्सच्या रांगेत माझ्यापुढे एक तरुण वकीलबाई आणि तिची आई उभ्या होत्या.

"आई, अर्जात जुना निकाल ज्या ग्रंथात छापलाय, त्याचं नाव नुसतं तीन अक्षरांत होतं. कुणालाच उलगडेना. जज्जसाहेब दावा फेटाळणारच होते."

"मग गं?"

"तुझी वही उघडली. अक्षरांपुढे पूर्ण नाव होतं. निकाल सापडला, अशिलाचं घर वाचलं."

"मी साधी टायपिस्ट. चूक होऊ नये म्हणून तीस वर्षं अशी लघुरूपं वहीत लिहीत गेले, एवढंच."

"साहेबांनी विचारलं, हा कोश कुणाचा?"

"काय सांगितलंस?"

"माझ्या आईचा. कोर्टाच्या ग्रंथालयाला प्रत हवी म्हणाले."

"अगं बाई! थांब, इतक्यात झेरॉक्स नको. आधी पेन दे. वहीवर माझं नावच नाही."