झाकलेलं ताट

ताईबाई : नवनाथ, चहाच्या डब्यामागं ही गोळ्यांची पट्टी कशाची रं?

नवनाथ : हळू बोल, अक्का. गौतमीसाठी आणलीया. पोरीला रातची झोपच लागंना. आमच्या कंपनीतला बन्सी नाईट शिफ्ट करून आला की हीच खाऊन झोपतो. अर्धी दे म्हनला.

ताईबाई : दहावीतल्या लेकराला? डाक्टरला इचारलं?

नवनाथ : न्हाई. सुट्टीच गावंना.

ताईबाई : सुट्टी नव्हं, अक्कल गावंना तुला. दिलीस का?

नवनाथ : अजून न्हाई. काल हातात घेतली आन् भ्या वाटलं, परत ठिवली. पर करू काय? परवा शाळेतनं येताना सायकलवरच डुलकी लागली तिला. शिक्रापूरच्या हायवेला, अक्का! टपरीवाल्यानं वढली म्हणून वाचली, ट्रक असा बाजूनं गेला. तवापास्नं मशीनवर माझा हात चालंना.

ताईबाई : आगं आई गं! आन् मला केडगावला सांगावा बी न्हाई? गौतमे, ये हिकडं. बस माझ्यापाशी. काय होतंय गं बाई तुला?

गौतमी : काही नाही, आत्या. अंथरुणावर पडलं की डोळे टक्क उघडे. आणि गणिताच्या तासाला गपकन मिटतात.

ताईबाई : कुणी तरास देतंय?

गौतमी : नाही.

ताईबाई : कुणी पोरगंबिरगं?

गौतमी : आत्या! पप्पा बसलेत.

ताईबाई : बसू दे की. बरं, जेवती कवा?

गौतमी : पप्पा आले की. आई फुलांच्या मळ्यातनं दमून येते, ती लवकर झोपते. मग मीच वाढते.

ताईबाई : आन् हा कवा येतो?

गौतमी : शिफ्ट असेल तसे. सेकंड शिफ्टला कंपनीची बस मध्यरात्री सोडते. मग आम्ही जेवतो, गप्पा मारतो. फर्स्टला पहाटे उठून त्यांचा डबा भरते. नाईटला ते दिवसा झोपतात, मग शाळेतनं आले की मीपण झोपते. आवाज नको ना.

ताईबाई : म्हंजी नोकरी ह्याची आन् शिफ्ट तुझीबी?

नवनाथ : मी कवा सांगितलं जागायला? आन् आपल्या आईनं तरी आप्पा आल्याबिगर कवा ताटं वाढली व्हती का?

ताईबाई : आप्पा दिवस मावळायला वावरातनं यायचे, नवनाथ. रोज त्याच टायमाला. तुझं दर आठवड्याला बदलतंय.

नवनाथ : व्हय की. मला आपलं बरं वाटायचं, पोरगी वाट बघतीया. माया हाय तिची.

गौतमी : आहेच की! तुम्ही बुक्कीनं कांदा फोडता ना, धप्पकन, तेव्हा मला वाटतं, झालं, सगळे घरात आले.

ताईबाई : आता रडवू नगंस. ऐक. शिफ्ट कुठलीबी आसू दे, तू आईसंगं जेवायचं आन् आईसंगं आडवं व्हायचं. उठायचं रोज एकाच टायमाला, रविवारीबी. दुपारची झोप बंद, रातचा चहा बंद. तरी न्हाई लागली तर डाक्टरकडं मी नेते. आन् नवनाथ, ही पट्टी बन्सीला परत कर. त्यालाबी सांग, डाक्टरला इचारून खा म्हणावं.

गौतमी : आणि पप्पा एकटेच जेवणार? गार भाकरी? मला तर अजिबात झोप यायची नाही.

नवनाथ : यील, बाळा. तो ट्रक मला अजून दिसतोय गं. भाकर गार झाली तर झाली. ताट झाकून ठिव. आन् सेकंडला आसलो तरी सकाळी उठून मी चहा करतो तुझ्यासंगं. मग तर झालं?

गौतमी : तुम्ही? चहा?

ताईबाई : कर म्हणावं. पातेलं मी घासते.

(पुढच्या आठवड्यातली सकाळ. स्टोव्हवर चहा उकळतोय.)

गौतमी : खरंच उठलात, पप्पा! रात्री तुमची बस मला ऐकूच आली नाही.

नवनाथ : कशी यील? तोंड उघडं टाकून झोपली व्हतीस.

गौतमी : पहिल्या रात्री नुसतीच तळमळले. तुम्ही आलात तेव्हा डोळे मिटून पडले होते.

नवनाथ : म्हाईत हाय. सोंग कळतं बापाला. कालचं सोंग नव्हतं.

गौतमी : एकटंच जेवायला कसंतरी वाटलं असेल ना?

नवनाथ : एकटा कशाला? ताट घिऊन तुझ्या उशाशी बसलो की. सुपरवायझरच्या समद्या तक्रारी सांगितल्या तुला, मनातल्या मनात.

गौतमी : मग कांदा तसाच का ताटात? भाजी बिघडली होती?

नवनाथ : भाजी झ्याक व्हती.

गौतमी : कांद्याबिगर तुमच्या घशाखाली घास उतरत नाही, पप्पा.

नवनाथ : उतरला. फोडला आसता तर तू जागी झाली आसतीस.