गोवराची सुई आन् माझी नात

...न्हाई, सगळे मलाच बोलून राह्यलेत! आख्खं धावडा गाव! "काकासाहेब, शिकल्याला माणूस तुम्ही, न् नातीला सुई देऊ दिली न्हाई?" अहो, तुम्हाला सांगतो, साडेतीन महिन्याची असताना दिल्ती सुई, दोन दिवस ताप, मांडीला गाठ, पोरगी माझ्या खांद्यावरून उतरंना! मंग नऊ महिन्याला गोवराची सुई आली तव्हा म्या म्हनलं, बिलकुल न्हाई! आपल्या वक्ताला गोवर यायचा, आठ दिवसांत पोरं खेळायला. माझी धाकली बहीण न्हाई आली खेळायला, पण ते ध्यानात कोण ठेवतंय... म्या काय डाक्टर हाय का?

गावातली आशाताई, दैवशाला नाव तिचं, सुईसाठी तीनदा घरी आली. "काकासाहेब, सुईचा ताप येतो न् जातो, गोवर छातीत उतरतो." म्या म्हनलं, "पोरगी मामाच्या गावाला गेली." तेवढ्यात पोरगी मागून रांगत आली न् दैवशालाची पिशवीच धरली! म्या म्हनलं, "ही... ही दुसरी." "कोणाची?" "मला काय माहीत, म्या काय डाक्टर हाय का?"

मंग पंधरा दिवसांत शेजारच्या रामरावाच्या नातवाला, सूरजला, ताप, डोळे लाल, अंगभर पुरळ. दीड वर्साचं लेकरू. त्यालाबी सुई न्हाई. का? तर "काकासाहेबानं दिली न्हाई, मंग आपून कशाला?" अहो, माझं बघून कशाला! म्या काय डाक्टर हाय का?

जालन्याला दवाखान्यात भेटायला गेल्तो. सूरजच्या नाकाला नळी, फासळ्या नुसत्या वरखाली. रामराव शिव्या देईल वाटलं. दिल्या असत्या तर बराबर झालं असतं. "बसा" म्हनला, खुर्ची दिली, न् स्वतः उभा राह्यला.

बसवलं न्हाई मला. तडक गावात आलो, पोरीला कडेवर घेतलं न् शाळेत गेलो. गोवर निघाला म्हनून तिथं सुया चालूच होत्या. दैवशाला म्हनली, "ही पहिली का दुसरी?" म्या म्हनलं, "द्या जल्दी!"

सूरज बारा दिवसांनी घरी आला. काडी झाली त्याची, पण आला. रामराव अजून बोलंना. आन् आमची नातबाई? सुई देताना हात म्या धरले ना तिचे... आठ दिवस झाले, मला बघितलं की आजीच्या मागं जाऊन बसती, तोंड फिरवती.

फिरवू द्या. रुसायला घरात तरी हाय.