खोकलू नका

गोंदियाच्या जुन्या संगीत सभागृहात दिवे मालवले, आणि माझ्या मागच्या रांगेत एक वयस्कर जोडपं धापा टाकत येऊन बसलं.

"खोकलू नका आता. पोरीनं बजावलं हाय, आवाज झाला का तिचा सूर हालते."

"मी काय हौसेनं खोकलतो का व? कोहमाऱ्याच्या रस्त्याले धूळ किती होती."

"लवंग धरा दातात. अन् हळू बोला, पडदा उघडून रायला."

"ते पाय, बसली आपली दुर्गेश्वरी! एवढ्या मोठ्या हॉलात केवढीशी दिसते."

"अजून सुरू काऊन नाई करत?"

"तंबोरा लावते ते."

"तंबोऱ्याले एवढा वेळ नाई लागत. अन् काऊन इकडंतिकडं पायते?"

"आपल्याले ढुंढते. गाडी बिघडली तवा तूच फोनवर सांगतलं, आता आमचं येणं होत नाई म्हणून."

"मंग, आता समोरच तं बसलो!"

"तिच्या डोळ्यावर लाइट हाय. तिले नुसता अंधार दिसत असन."

"आवाज द्या ना तिले."

"इथं? हे काय गावची दंडार हाय का, खेळ चालू असताना हाका माराले? बाहेर काढतीन आपल्याले."

मंचावरची पोरगी अजून अंधारात रांगा शोधत होती.

"अवो."

"काय?"

"लवंग काढा तोंडातली."

"काऊन?"

"खोकला आता जोरानं. तुमचा खोकला वळखते ते."

मागून चांगला दणदणीत खोकला आला. दोन रांगांनी वळून रागानं पाहिलं. मंचावरच्या पोरीनं मान वर केली, ओढणी सारखी केली आणि सा लावला.