चारच महिने

— नाही रे, मुलीकडे नाही. मुलाकडेही नाही, बाळंतपण बिळंतपण काही नाही कुणाचं. वाईट काय वाटायचंय त्यात, सकाळपासून सगळे तेच विचारतायत. बॅगा घेणाऱ्या त्या पोरीने विचारलं, मग शिक्के मारणाऱ्या साहेबांनी — नातवंडाला बघायला का, मावशी? मी म्हटलं, नाही, शिकायला. तर त्यांनी आधी पासपोर्टातला फोटो पाहिला, मग मला पाहिलं, मग पुन्हा फोटो — दोघींपैकी एक तरी खरं बोलेल असं वाटलं असावं त्यांना. तुला तू म्हटलं तर चालेल ना? माझ्या हाताखालून गेलेली मुलं आता तुझ्याहून मोठी झालीत. तूही शिकायलाच ना? कळलंच मला — नवी बॅग, नवे बूट, आणि आईने दिलेला तो डबा मांडीवरून खाली ठेववत नाहीये. मीसुद्धा तुझ्यासारखीच. पहिलंच विमान माझं. कर्णबधिर मुलांच्या शाळेत शिकवते मी, शिकवत होते म्हणायला हवं आता, लग्नाच्या आधीपासून. ऐकू न येणाऱ्या मुलांना बोलायला कसं शिकवायचं, त्यातलं पुढचं शिक्षण. बाई असून पुन्हा बाकावर बसणार. हस की, मलाही हसू येतं. येत होतं, आज सकाळपर्यंत.

काय म्हणाली ती हवाईसुंदरी आत्ता? माझं इंग्रजी कागदावर बरं आहे, कानाने जरा गडबड होते — असं होय. एक प्रवासी आलाच नाही? बॅग दिली आणि स्वतः आला नाही? मग त्याची बॅग शोधून खाली उतरवल्याशिवाय विमान हलणार नाही — बरोबर आहे, बघ, इथून दिसतंय, ती माणसं पट्ट्यावरून एकेक बॅग परत खाली घेतायत. भर उन्हात बिचारे. सगळ्या बॅगा काळ्या, आता त्यातली त्याची कुठली ओळखायची! पण बघ ना, म्हणजे असं करता येतं तर. इथवर येऊन, सामान देऊन, नाही गेला. घरी गेला असेल. चहा पीत बसला असेल. आपली बॅग काढायला सांगितली तर काढतात का रे ते? — नाही, सहज विचारलं. मला काय, दार लावून घेतलंय त्यांनी. आणि दार उघडं असलं तरी तुला उठवा, मग कडेच्या त्या गृहस्थांना जागं करा, त्यांनी तर बसल्या बसल्या डोळ्यांवर पट्टी ओढलीय. खिडकी मागून घेतली मी हौसेने. खिडकीतून बाहेर काही जाता येत नाही, हे काही तेव्हा डोक्यात आलं नाही.

दोन वर्षं. तुझंही दोनच ना? हो, सगळ्यांचं दोनच असतं. आमच्या घरी मात्र चार महिने आहे. — म्हणजे काय म्हणजे? म्हणजे घरी असं वाटतं की मी चार महिन्यांनी परत येणार. नाही, खोटं नाही बोलले मी. एक शब्द खोटा नाही बोलले, तीच तर पंचाईत आहे. सांगते. आमच्या ह्यांचं मोटार रिवाइंडिंगचं दुकान आहे. जळलेल्या मोटारी येतात — पंख्याच्या, पंपाच्या — आतली काळी पडलेली तार काढून टाकायची आणि नवी तांब्याची तार गुंडाळायची, वेढे मोजत मोजत. एक वेढा कमी-जास्त झाला की मोटार फिरते, पण तापते. त्यामुळे हे तार गुंडाळत असले की कुणी बोलायचं नाही. बोललंच तर हे बोट वर करतात, ओठ हलत राहतात, आकडे चालू. तर मला प्रवेश मिळाल्याचं कळलं, शिष्यवृत्तीही मिळाली, मी शाळेतून तडक दुकानात गेले. हे तार गुंडाळत होते. मी सांगायला लागले. ह्यांनी बोट वर केलं, तरी मी सांगतच राहिले — असं असं आहे, जायला लागेल, पहिलं सत्र चार महिन्यांचं, मग पुढचं — सगळं सांगितलं. वेढे संपले, गाठ मारली, तार तोडली, मग हे वर बघून म्हणाले, "चार महिने ना? जा की मग. त्यात काय विचारायचं!" आणि असं हसले — एवढं छान हसले की मी पण हसले. हसले आणि गप्प बसले. 'चार महिने नाही, दोन वर्षं' एवढंच म्हणायचं राहिलं होतं, ते राहिलं.

तेव्हाच का सांगायला गेले, असं विचारायचंय ना तुला? विचार. घरी सांगता आलं असतं, जेवताना सांगता आलं असतं. ते मोजत असताना त्यांना काही ऐकू जात नाही हे मला कुणी शिकवायला नको. ऐकू न येणाऱ्यांशी कसं बोलायचं यावर तर माझं पोट चालतं.

मग काय, वाढत गेलं. त्याच दिवशी हे गल्लीभर सांगून आले — आमची ही परदेशात चालली, चारच महिन्यांसाठी. रोज वाटायचं, आज बोलू. पण हे स्वयंपाक शिकायला बसले ना! एवढा मोठा माणूस, ओट्याशी उभा राहून विचारतो, भाताला पाणी किती, डाळ किती शिजली म्हणजे शिजली — आणि जमलं की लहान मुलासारखं म्हणायचं, चार महिने मी आरामात काढतो बघ. कुठल्या तोंडाने सांगणार? ओरडणारा नवरा असता तर सांगितलं असतं रे, भांडून सांगितलं असतं. ह्यांनी आयुष्यात आवाज चढवला नाही. मागे मी तापाने पडले होते तर दुकानाला कुलूप लावून उशाशी बसून राहिले, गिऱ्हाइकं दारावर येऊन शिव्या घालून गेली. माझ्यावाचून ह्यांचं पान हलत नाही असं लोक कौतुकाने म्हणतात. लोकांचं काय जातं म्हणायला. आणि सासूबाई! त्यांच्या डोळ्यात मोतीबिंदू पिकलाय, डॉक्टर म्हणतात लांबवू नका, तर म्हणाल्या, सून आली की करू, औषध घालायला तिचाच हात लागतो. म्हणजे डोळासुद्धा माझ्यासाठी थांबवून ठेवलाय. लेकीला माहीत आहे, ती नोकरीला असते दुसरीकडे. ती म्हणाली, आई, तू सांग, मी नाही सांगणार, पण न जाता राहिलीस तर मी तुझ्याशी बोलणार नाही. म्हणजे तिकडूनही दार बंद. आणि जावंसंही वाटतं ना! हे कुणाला कळत नाही. एवढी वर्षं मुलांच्या गळ्यावर बोटं ठेवून त्यांचा आवाज शोधत बसले, शंभर गोष्टी अंदाजाने केल्या, त्या नीट कशा करतात ते एकदा बघायचंय मला. दोनच वर्षं. फार मागितलं का मी?

नको, रुमाल आहे माझ्याकडे. आणि एवढंही नाही झालेलं. हे मगाशी काचेपलीकडे उभे होते, आईंना, म्हणजे सासूबाईंना, हाताला धरून. मी रांगेत. आवाज येत नव्हता, पण मला कशाला हवाय आवाज, मी ओठ वाचते — धंदाच आहे माझा. मला वाटत होतं हे हात हलवतायत, हसतायत, मजेत आहेत. आणि मग आईंकडे वळून काय म्हणाले माहीत आहे? "चारच महिने. चारच महिने." आईंना नव्हते सांगत. आईंना एकदा सांगितलं की पुरतं, पुन्हा पुन्हा कशाला — स्वतःलाच सांगत होते. वेढे मोजतात ना, तसं. मी बघत होते आणि रांग पुढे सरकत होती आणि मागचा माणूस म्हणत होता, मावशी, चला.

अजून सापडली नाही का रे ती बॅग? मोबाइल चालतोय ना इथे? दार लावलं तरी चालतो? — मग मी लावते. आत्ताच लावते, नाहीतर पुन्हा धीर व्हायचा नाही. तू ऐकलंस तरी चालेल, आता तुझ्यापासून काय लपवायचंय. वाजतोय.

हॅलो — अहो, ऐका, मला जरा — कोण, आई? आई, तुम्ही? हे कुठे आहेत? — चाकात हवा भरायला? बरं. मग — नाही, बसले मी, व्यवस्थित बसले, विमान अजून हललं नाही. आई, मला त्यांच्याशी बोलायचं होतं. — नाही, विसरले काही नाही. आई, तुम्हीच ऐका. चार महिने नाहीयेत. दोन वर्षं आहेत. — हो. दोन. — आई? आहात ना? — हो. — नाही, त्यांना नाही माहीत. — हो, आई. — नाही. — पण आई — नाही, ऐका ना, असं कसं — आई, तुम्ही त्यांना द्या फो —

हो. हो, मीच. — हो, खिडकीशी आहे. — खाल्लं. — नाही हो, रडत कशाला, सर्दी झालीय, इथे गार सोडलंय फार. — हो. — चार महिने, हो. जातील. — तुम्ही सावकाश चालवा. — हो. ठेवते.

काय बघतोस असा? सांगितलं ना मी, तुझ्या देखत सांगितलं. मला वाटलं फोन तुटला. मग आईंनी विचारलं, दोन वर्षं? मग विचारलं, त्याला ठाऊक आहे? आणि मग — इतक्या शांतपणे रे, भाजीत मीठ किती सांगावं तशा — म्हणाल्या, "त्याला आत्ता सांगू नकोस. तो गाडी वळवील, आणि तू उतरशील." मी म्हटलं, पण आई. तर म्हणाल्या, मी बघते काय करायचं ते, तू गप्प बस. तेवढ्यात हे आले असणार, दार वाजलं गाडीचं, आणि आईंचा आवाज एकदम बदलला. मोठ्याने म्हणाल्या, अगं हो, पोचलीस की कळव, हा बघ आलाच, बोल त्याच्याशी. या वयात! मला त्या बाईने आयुष्यात कधी शेजारणीशी खोटं बोलू दिलं नाही. आणि हे काय म्हणाले सांगू? म्हणाले, आईला हवा भरताना गाडीत एकटं सोडलं तर तेवढ्यात तुझा फोन आला, बरं झालं, तिला करमलं. मग म्हणाले, चार महिने काय, बघता बघता जातील ना? आणि मी हो म्हटलं. तू ऐकलंस. आजवर मी खोटं बोलले नव्हते, एवढं एक होतं माझ्याकडे.

आता कसं करायचं रे? आता दर फोनला आई शेजारी बसणार, त्या ऐकणार, मी बोलणार, हे मध्ये — कधी सांगायचं? पहिल्या महिन्यात? चौथ्यात? विमानतळावर घ्यायला येतील तेव्हा? आईंनी मला सोडवलं असं म्हणायचं की — मी उतरले असते, हे त्यांना कसं कळलं? मलाच नव्हतं माहीत. खरंच उतरले असते मी. ह्यांनी एकदा ये म्हटलं असतं तर तुम्हा दोघांच्या अंगावरून ओलांडून गेले असते.

हललं का? हललं. सापडली वाटतं त्याची बॅग.

नाही, मी ठीक आहे. पाणी नको. तू कशाला ऐकत बसलास एवढं, तुझी आई तिकडे वाट बघत असेल फोनची, तिला कर आधी, ते बंद करायला सांगतील आता. कर, कर. माझ्याकडे बघू नकोस.