सात किलोंत बसेल तेवढं

सुहासिनी : परत उभे राहा. काटा हलत होता.

चिंतामण : काटा नव्हता हलत, तूच मला हलवत होतीस. हं, दे बॅग. एक्याऐंशी. मी बहात्तर. म्हणजे नऊ. सुहास, दोन किलो काढावे लागतील.

सुहासिनी : नऊ कशी होईल? आत काही नाहीच तर.

चिंतामण : काही नाही, काही नाही म्हणत डबे भरतेस. साफ लिहिलंय इथे. केबिन बॅगेज, एक नग, सात किलो. अलग से एक लेडीज पर्स. बॅग पंचावन्न बाय पस्तीस बाय पंचवीस. मी टेपने मोजून घेतली, चाकांसकट बसते.

सुहासिनी : बिजली दफ्तरातून रिटायर होऊन इतकी वर्षं झाली, पण नग मोजायची खोड काही गेली नाही.

चिंतामण : मग काय करू? कालपासून काय करू, ते सांग.

सुहासिनी : काही नाही. वाचा तुम्ही. वाचत राहा.

चिंतामण : तुपाची बरणी काढ. लिक्विड शंभर मिलीच्या वर चालत नाही.

सुहासिनी : तूप थिजलंय. लिक्विड कुठे आहे?

चिंतामण : गेटवर वितळलं तर? लिक्विडमध्येच धरतात. आणि हे काय, तेल?

सुहासिनी : मालिशचं आहे. बेबीवहिनींनी सकाळी उकळून आणून दिलं. दारातूनच दिलं, आत नाही आल्या.

चिंतामण : तेही काढ. तेल हैदराबादला मिळतं.

सुहासिनी : मिळतं. सगळं सगळीकडे मिळतं.

चिंतामण : शंभर मिलीच्या बाटलीत भरू का थोडं? खोकल्याच्या औषधाची रिकामी बाटली आहे, धुतलेली.

सुहासिनी : भरा.

चिंतामण : सुकं खोबरं पण मना आहे. अख्खी वाटी चालत नाही. आग पकडतं म्हणे.

सुहासिनी : लाडवात खोबरं आहे.

चिंतामण : किसलेलं?

सुहासिनी : नाही, अख्खी वाटी घालून वळलेत लाडू. काय विचारता?

चिंतामण : किसलेल्याचं काही लिहिलं नाही इथे. थांब, खाली आहे बहुतेक. कैची नाही, चाकू नाही, माचिस नाही. बाळ सोबत असल्यास दूध आणि बेबी फूड लागेल तेवढं नेता येईल, त्याला शंभर मिलीची...

सुहासिनी : पुढे वाचा.

चिंतामण : संपलं. पुढे काही नाही.

सुहासिनी : पुढे पॉवर बँकेचं होतं. मघाशी तुम्हीच बोललात.

चिंतामण : हो. पॉवर बँक हातातल्या बॅगेत. चार्जर कुठेही.

सुहासिनी : ठीक आहे.

चिंतामण : चूक माझीच आहे. घाईत सगळ्यात वरचं बटण दाबलं. तिकीट निघाल्यावर वाचलं, तर विदाउट चेक-इन. अजून घेता येतं म्हणा. काउंटरवर पंधरा किलो जोडून देतात.

सुहासिनी : नको. मग तिथे उतरून त्या पट्ट्यापाशी उभं राहायचं, बॅग येते की नाही बघत. मला नाही उभं राहायचं. उतरले की सरळ शमिकाकडे.

चिंतामण : मग लाडवांचा डबा काढ. तोच सगळ्यात जड आहे.

सुहासिनी : स्टीलचा डबा काढते. लाडू पिशवीत भरते.

चिंतामण : मी लाडवांचंच बोलतोय. डिंकाचे लाडू, सुहास. बाळंतिणीला देतात ते. कोणत्या तोंडाने उघडणार तिच्यासमोर? बाळ गेलं तिचं. आठवा महिना, पोटातच गेलं. परवाची गोष्ट आहे. आणि आपण लाडू घेऊन जायचं?

सुहासिनी : बाळ गेलं. म्हणून बाळंतपण चुकलं का तिचं?

चिंतामण : तसं नाही म्हणत मी.

सुहासिनी : कळा तिने दिल्याच ना? रात्रभर दिल्या. सुशांत फोनवर सांगत होता, तुम्ही गॅलरीत जाऊन उभे राहिलात. रक्त तेवढंच गेलं. कंबर तेवढीच मोकळी झाली. बाळंतीणच आहे ती. मांडीवर बाळ असतं तर चार बायका धावल्या असत्या, शेक दे, पोट बांध, गार वाऱ्यात जाऊ नको म्हणून. आता कोणी नाही म्हणणार. आता सगळे म्हणतील आराम कर, जसा काही बुखार येऊन गेला.

चिंतामण : हं.

सुहासिनी : आळिवाचे नाही केले मी. मुद्दामच. आळिवाने दूध येतं. नुसते डिंकाचे केले, कंबर धरायला. एवढी अक्कल आहे मला.

चिंतामण : केले म्हणजे? कधी? मला वाटलं आधीचे आहेत.

सुहासिनी : काल, सुशांतचा फोन आल्यावर. तुम्ही तिकीट बघत बसलात, मी डिंक तळत बसले. आधीचे कुठून असतील? बाळ हातात येईपर्यंत काही करायचं नसतं, काही आणायचं नसतं. माहीत आहे ना तुम्हाला.

चिंतामण : माहीत आहे.

सुहासिनी : अहो, मला तसं नव्हतं म्हणायचं.

चिंतामण : म्हण ना. खरंच आहे ते. दे बॅग, परत करू वजन.

सुहासिनी : घ्या. तूप गेलं, तेल गेलं, डबा गेला.

चिंतामण : ऐंशीच्या जरा खाली. पावणेआठ. अजून जास्तच आहे. ही साडी कशाला? जुनी आहे.

सुहासिनी : पोट बांधायला. जुनी सुतीच लागते, नवी काचते. ती नाही निघणार. सुंठ नाही निघणार, ओवा नाही निघणार, माझे दोन गाऊन नाही निघणार. तुम्ही चला.

चिंतामण : कुठे?

सुहासिनी : हैदराबादला. एका माणसाला सात किलो ना? तुमचे सात मोकळेच आहेत.

चिंतामण : लाडू न्यायला मी येऊ?

सुहासिनी : लाडू न्यायला या. दुसरं काही कारण सापडत नसेल तर तेवढ्यासाठी या.

चिंतामण : घर कोण बघेल? उद्या सिलेंडर येणार आहे. गुडघ्याचं तुला माहीत आहे.

सुहासिनी : सिलेंडर शेजारचे प्रतापराव घेतील. विमानात गुडघ्याने नाही चालत.

चिंतामण : मी काय करणार तिथे? तू मालिश करशील, पोट बांधशील. मी नुसता हॉलमध्ये बसून राहीन. तिला बाथरूमला जायचं तरी माझ्यासमोरून जावं लागेल.

सुहासिनी : तर जाईल. बापच आहात ना? सकाळपासून चार वेळा त्या काट्यावर चढलात, आणि चारी वेळा स्वतःला वजा केलंत. मी बघतेय. एकटी जायची मला भीती नाही वाटत. विमानात कधी बसले नाही, पण विचारत विचारत जाईन. मला राग आलाय तुमचा. एवढंच वाटतंय, बाकी काही वाटतच नाहीये.

चिंतामण : मला तेवढंही नाही वाटत.

सुहासिनी : मग खरं काय ते सांगा. सिलेंडरचं नका सांगू.

चिंतामण : तिला तोंड कसं दाखवू? वाळे मी आणले ना. तू नको म्हणत होतीस. मी सराफ्यात गेलो, घुंगरू लावून घेतले, वर तिला फोटो पाठवला. दोन महिने कपाटात ठेवलेत, गुलाबी कागदात.

सुहासिनी : आणि म्हणून बाळ गेलं?

चिंतामण : तूच म्हणाली होतीस, आधी आणू नये.

सुहासिनी : म्हणाले होते. माझी आई म्हणायची, म्हणून मी म्हणाले. नाळेला गाठ पडली होती, डॉक्टरने सांगितलंय सुशांतला. ती गाठ काय सराफ्यात पडली?

चिंतामण : मला समजतं गं. शिकलेला माणूस आहे मी. पण समजून काही फायदा नाही होत.

सुहासिनी : थांबा, फोन वाजतोय. शमिकाचा आहे.

(सुहासिनी स्पीकर लावून फोन टेबलावर, बॅगेशेजारी ठेवते.)

शमिका : आई, पॅकिंग झालं?

सुहासिनी : चाललंय. झोपलीस का जरा?

शमिका : झोपते, उठते, परत झोपते. सुशांत दवाई आणायला गेलाय. घर एकदम साफ आहे. कोणी आवरलं माहीत नाही.

सुहासिनी : ताप आहे का अंगात?

शमिका : नाही. आई, दूध येतंय.

सुहासिनी : हं.

शमिका : गाऊन भिजतो. नर्स बोलली काही दिवसांत बंद होईल. होईल ना?

सुहासिनी : होईल. पिळून काढू नकोस. गार फडकं ठेव. मी उद्या आले की बघते.

शमिका : ओके. मला काहीच नाही होत आहे, आई. मतलब रडू पण नाही येत. डॉक्टरने विचारलं दर्द है क्या, मी बोलली पता नहीं.

सुहासिनी : नाही येत तर नको रडूस. माझंही तसंच चाललंय.

शमिका : बाबा आहेत?

सुहासिनी : इथेच आहेत, माझ्या बाजूला. ऐकताहेत.

शमिका : बाबा.

चिंतामण : बोल बेटा.

शमिका : हातातल्या बॅगेत किती चालतं आता?

चिंतामण : सात किलो. एक नग. वर एक पर्स.

शमिका : अच्छा. जागा असली तर आईबरोबर ते वाळे पाठवाल?

चिंतामण : वाळे?

शमिका : घुंगरूवाले. फोटो पाठवला होता ना तुम्ही.

चिंतामण : बेटा, ते मी... आधी आणायला नको होते. आईने सांगितलं होतं मला.

शमिका : नाही बाबा, ऐका ना. मी पण काही घेतलं नव्हतं. सुशांतच्या आई बोलल्या, आधी नको. सगळेच बोलले नको. एक टोपडंसुद्धा नाही घेतलं. हॉस्पिटलवाल्यांनी त्यांच्याच कपड्यात गुंडाळून दिलं. आता घरात त्याचं काहीच नाहीये. मी शोधलं सकाळी. माहीत होतं नाहीये, तरी शोधलं. त्याच्यासाठी म्हणून आणलेली तेवढी एकच चीज आहे, आणि ती तुमच्याकडे आहे.

चिंतामण : हो.

शमिका : हरवले तर नाहीत ना?

चिंतामण : नाही, नाही. कपाटात आहेत. तसेच आहेत.

शमिका : मग पाठवा. आईला सांगा नीट ठेव.

चिंतामण : पाठवत नाही. मी आणतो.

शमिका : तुम्ही येताय? आई तर बोलली एकच तिकीट आहे.

चिंतामण : दुसरं काढतोय. आत्ता काढतोय.

शमिका : ठीक आहे. या. मी ठेवते, बसवत नाहीये.

सुहासिनी : ठेव बाळा. झोप.

चिंतामण : सुहास, माझी ती निळी बॅग कुठे आहे? बेटम्याला बदली झाली तेव्हा घेतलेली.

सुहासिनी : माळ्यावर. तिची चेन खराब आहे.

चिंतामण : दोरी बांधू. आधी टेप दे. बसली नाही तर गेटवर अडवतील.

सुहासिनी : तिकीट आधी काढा.

चिंतामण : काढतोय. त्याच विमानात आहे, मागची सीट मिळतेय. विचारतोय सामान जोडायचं का.

सुहासिनी : काय सांगताय?

चिंतामण : नाही जोडत. पट्ट्यापाशी कोण उभं राहणार? सरळ शमिकाकडे जायचं.

सुहासिनी : शर्ट किती ठेवू तुमचे?

चिंतामण : दोन खूप झाले. लाडू सगळे माझ्याकडे दे, डब्यासकट. पिशवीत फुटतील. आणि बेबीवहिनींच्या तेलाच्या दोन बाटल्या करू, शंभर-शंभरच्या. एक तुझ्याकडे, एक माझ्याकडे.

सुहासिनी : रडताय का?

चिंतामण : माहीत नाही. डोळ्यांतून पाणी येतंय. चष्मा पूस जरा माझा, मला नाव भरायचंय इथे.

सुहासिनी : द्या. आणि वाळे? लाडवांच्या डब्याखाली ठेवते, शर्टात गुंडाळून. वाजणार नाहीत.

चिंतामण : बॅगेत नको. लिहिलंय इथे, कीमती सामान प्रवाशाने स्वतःजवळ ठेवावं.

सुहासिनी : वाचलंत का ते, की आत्ता मनानेच सांगताय?

चिंतामण : वाचलंय. कालच वाचलं होतं. दे तो गुलाबी कागद इकडे. खिशात ठेवतो वरच्या. अंगावरचं वजनात धरत नाहीत.