रूपालीच्या नावाआधी

(रायपूर, ब्राह्मणपारा. लग्नपत्रिका छापणाऱ्या भार्गवचं दुकान. समोर रेल्वेतून निवृत्त झालेले मारोतराव आणि त्यांची सून रूपाली.)

भार्गव : नवीन कायले बनवता काकाजी? शिशिरभैयाच्या लग्नाचं कार्ड कम्प्यूटरमध्ये आहेच. भाभीचं नाव तसंच राहू देतो, नवरदेव तेवढा बदलतो.

मारोतराव : राहू दे. पण माझं नाव उचल तिथून. तवा मी पोराचा बाप होतो. आता पोरीच्या बाजूनं टाक.

भार्गव : हव. सुनेचं लग्न सासरा लावून राहिला, असं कार्ड आमच्याकडं पहिलंच. हे पाहा, ‘चि. सौ. कां. रूपाली’.

रूपाली : ते आधीचं सगळं काढा भैया. नुसतं रूपाली लिहा.

मारोतराव : काहून?

रूपाली : बाबा, ते बावीस-तेवीसच्या पोरींना शोभतं. मी छत्तीसची झाली.

भार्गव : बारा वर्षं झाली मी हे टाइप करून राहिलो. मतलब काय होते याचा?

मारोतराव : सौभाग्यकांक्षिणी. संस्कृतातून आलं. कांक्षा म्हणजे इच्छा. जिले सौभाग्य पाहिजे, ते. लग्न जमलं का पोरीले हे लावायचे. लग्न लागलं का नुसती ‘सौ.’ नवरा गेला का तेही काढून घ्यायचे.

रूपाली : म्हणजे मला नवरा पाहिजे, हे तीनशे घरी छापून कळवायचं. मामीजी काल बोलल्याच, तीन वर्षंसुद्धा धीर नाही निघाला.

मारोतराव : तुले इंद्रजीत पाहिजे का नाही? नसन तर आत्ताच सांग. कार्ड नाही छापत.

रूपाली : पाहिजे.

मारोतराव : मंग लाज कायची? चोरी थोडी करून राहिली तू.

रूपाली : लाज नाही बाबा. भीती वाटते. मागच्या वेळीही हेच छापलं होतं.

भार्गव : मग काय करू दीदी? ठेवू का काढू?

रूपाली : ...ठेवा.

भार्गव : आणि नवरदेवाले? नेहमीसारखं ‘चि.’ लावू ना?

मारोतराव : चिरंजीव. म्हणजे लय वर्षं जगणारा. आमच्या शिशिरलेही लावलं होतं. चौतिसाव्या वर्षी भनपुरीत ट्रकखाली गेला.

भार्गव : मंग राहू देऊ का काकाजी? फक्त इंद्रजीत लिहितो. आजकाल चालते तसं.

मारोतराव : नाही. पूरं लिही. चिरंजीव इंद्रजीत. जागा कमी पडली तर माझं नाव बारीक कर.